चाळीपासून शिकूनपर्यंत : भाडेकरूंच्या घरांची कहाणी

गेल्या हिवाळ्यात बेर शेवातील आमच्या जिन्यात, टपालपेट्यांच्या वरच्या भिंतीवर, एक कागद चिकटविण्यात आला. 'पिनुई-बिनुई'चा, म्हणजे जुनी इमारत रिकामी करून पाडण्याचा व तिच्या जागी उंच नवी इमारत उभारण्याचा, विचार करण्यासाठी सर्व रहिवाशांची सभा बोलाविली होती. सभेस एक तरुण वास्तुशिल्पकार आला होता. त्याने पडद्यावर रंगीत चित्रे दाखविली. काचेचे प्रवेशद्वार, खाली हिरवळ, वर वीसएक मजले. सर्वांनी माना डोलावल्या. आमच्या मजल्यावर एक वयोवृद्ध बाई राहतात. जन्म भायखळ्याचा, आयुष्य मुंबईच्या चाळीत व येथील शिकूनमध्ये गेलेले. सारा जिना त्यांना मावशी म्हणतो. त्या आमच्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “मास्तर, ह्या चित्रात आपले दार उघडले की समोर कोणाचे दार दिसते, तेवढे त्याला विचारा.”

आम्ही विचारले. त्याने नकाशा पाहिला आणि सांगितले, “लिफ्ट दिसेल.”

हा प्रश्न वरवर भाबडा वाटतो. परंतु जे कुटुंब घर विकत न घेता भाड्याने राहते, आणि तेही दोन-चार वर्षे नव्हे तर दोन-तीन पिढ्या, त्याच्या दृष्टीने इमारतीच्या रचनेतील मुख्य प्रश्न असेच असतात. दाराबाहेर काय आहे, पाणी कोठे येते, गळणारे छप्पर कोणी दुरुस्त करावयाचे, आणि कोणी 'निघा' म्हणाल्यास काय करावयाचे. आपल्या समाजाने हे प्रश्न दोन देशांत अनुभवले आहेत. म्हणून त्यांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा, असे आम्हांस वाटले.

आरंभ मुंबईतच करावयास हवा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला. आपल्या पूर्वजांनी १७९६ साली बांधलेले शाआर हाराहामीम सिनेगॉग ज्या सॅम्युएल स्ट्रीटवर उभे आहे, ती गल्ली याच मांडवीतील. त्या काळच्या चाळी खाजगी मालकांच्या, लाकडी सांगाड्याच्या. एका रांगेत खोल्या, खोल्यांपुढे कठड्याची लांब गॅलरी, एका टोकाला जिना व दुसऱ्या टोकाला सामाईक संडास. एका खोलीत एक बिऱ्हाड असे म्हणावयाची पद्धत. प्रत्यक्षात एका खोलीत दोन बिऱ्हाडेही असत. दोन चाळींमधील घळीत, जिला मुंबईकर 'घरगल्ली' म्हणतो, सांडपाणी साचे आणि सूर्यप्रकाश कधी पोहोचत नसे. प्लेगने सरकारचे डोळे उघडले ते या घरगल्लीकडे.

१८९८ साली कायद्याने मुंबईचा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या आणि आग्रीपाडा, नागपाडा, मांडवी-कोळीवाडा, परळ इत्यादी ठिकाणी स्वतःच्या चाळी बांधल्या. त्यांनाच आपण 'बी.आय.टी. चाळी' म्हणतो. प्रारंभीच्या वर्षांत मात्र ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. ज्यांची खोली गेली ते शेजारच्या चाळीत शिरले, आणि तेथील दाटी दुप्पट झाली. गरिबाचे घर आधी पाडावयाचे आणि नवे मागाहून बांधावयाचे, ही चूक शतकापूर्वीच करून झालेली आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष ऑर साहेब यांनी एक नियम हट्टाने पुढे रेटला. खोलीच्या खिडकीसमोर इतकी मोकळी जागा असावी की जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून आकाशातील उजेड थेट आत यावा. वर्गात फळ्यावर त्रिकोण काढून दाखविल्यास मुलांना हे चटकन् कळते. साडेत्रेसष्ट अंश म्हणजे समोरील इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नको. एका कोनाने घरगल्लीला आळा घालण्याचा हा प्रयत्न होता. पुढे दादर-माटुंग्यास ज्या मोकळ्या, हवेशीर इमारती झाल्या त्यांच्यामागे हाच विचार आहे. परंतु तेथे संडास व नहाणी घरात आली, त्याला 'ब्लॉक' हे नाव मिळाले, आणि तो ब्लॉक कारकुनाला परवडे. गिरणीतल्या माणसाला नव्हे.

परळच्या बी.आय.टी. चाळीत १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाड्याने राहत होते. दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या. एक संसारासाठी, दुसरी वाचनासाठी. बॅरिस्टर होऊन परतल्यावरही ते तेथेच राहिले. भाडेकरूंची घरे ही चार दिवसांची सोय असते असे मानणाऱ्यांनी हा काळ ध्यानात ठेवावा.

यानंतरचा मोठा प्रयोग गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत, १९२० साली, सुरू झाला. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या, असा संकल्प होता. त्यासाठी निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या नावावरून या 'बी.डी.डी. चाळी'. संकल्प अर्ध्यावर काय, तिसऱ्या हिश्श्यावरच थांबला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे इमारतीत ऐंशी. गुणाकार वाचकांनी करावा. उत्तर साडेसोळा हजारांच्या आसपास येते. खोली १६० चौरस फुटांची. येथील मापाने पंधरा चौरस मीटर, म्हणजे आजच्या इस्राएलमधील एका ऐसपैस शयनगृहाएवढी.

या इमारती लाकडाऐवजी सिमेंट काँक्रीटच्या होत्या, आणि म्हणूनच शंभर वर्षे टिकल्या. पण रचनेत एक मोठी उणीव राहिली. जुन्या चाळीत खोल्यांची एकच ओळ असे व पुढे उघडी गॅलरी. बी.डी.डी.च्या इमारतींत मधोमध बंद बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांस दहा-दहा खोल्या. यामुळे एका छपराखाली दुप्पट बिऱ्हाडे मावली, खर्च वाचला. पण वाऱ्याला आरपार वाट राहिली नाही आणि बोळात दुपारीही अंधार. त्या सुमारास, १९१९ पासून, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन करणारे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी चाळींविषयी म्हटले होते की ही माणसांना राहण्याची घरे नव्हेत, माणसे साठविण्याची कोठारे आहेत. पुढे हेच गेडिस तेल अवीवला गेले आणि १९२५ साली त्या शहराचा आराखडा त्यांनी केला. तेथे त्यांनी प्रत्येक गटाच्या मध्यभागी बाग ठेवली. मुंबईत जे पाहिले त्याचे ते उत्तर होते की काय, हे सांगण्यास आम्हांपाशी पुरावा नाही. पण तेल अवीवच्या जुन्या भागातून चालताना आम्हांस वरळीची आठवण होते खरी.

वरळीच्या कितीतरी खोल्या बांधून झाल्यावर अनेक वर्षे रिकाम्या पडून होत्या. कामाच्या जागेपासून त्या दूर पडत, आणि गिरणीतल्या माणसाला भाडे जड जाई. कामगार जेथे राहू इच्छीत होता तेथे खोल्या नव्हत्या. जेथे खोल्या होत्या तेथे तो जाईना. कायदेभंगाच्या चळवळीत, १९३० नंतर, सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. ज्यांच्यासाठी बांधले त्यांना न विचारता बांधले, तर घराचा उपयोग कोणत्या थरास जाऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता चाळीची गोडी गाण्याचा प्रघात आपल्यात बराच आहे. आपल्या मेळाव्यांत मालिद्याचे ताट फिरून झाले की वडीलधारी मंडळी आग्रीपाड्याच्या गॅलरीत जाऊन बसतात, मनाने. त्यात खोटे काही नाही. गॅलरी हा रस्ताही होता आणि दिवाणखानाही. शुक्रवारी संध्याकाळी शाब्बाथचा दिवा लागला की पलीकडच्या खोलीतील मराठी शेजारीण आपणहून मुलांना गप्प करी. आजारी माणसाकडे कोणी पाहिले नाही असे होत नसे, कारण त्याच्या दारावरून गेल्याखेरीज कोणाला नळावर जाताच येत नसे. रचनेनेच शेजारधर्म घडवून आणला होता. परंतु पहाटे चारला नळावर रांग कोण लावी? संडासाला जाताना साऱ्या मजल्याच्या नजरा कोण चुकवी? आमच्या आजी गॅलरीविषयी कधी हळवेपणाने बोलल्या नाहीत. त्या म्हणत, “घरात नळ आला त्या दिवशी मी रडले.” गॅलरी टिकवावी आणि नळ घरात यावा, या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत जमविणे हेच खरे रचनेचे काम; आणि ते मुंबईत फार थोड्यांनी केले.

दुसरी बाजू कायद्याची. पहिल्या महायुद्धात भाडी भडकल्यावर १९१८ साली मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा कायदा आला. त्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले आणि भाडेकरूस सहजासहजी काढता येणार नाही अशी तजवीज केली. हजारो कुटुंबे त्यामुळे तरली, आपलीही. परंतु भाडे गोठले तरी विटा, चुना व गवंड्याची मजुरी गोठली नव्हती. दहा-पंधरा रुपये भाड्यात मालक छप्पर शाकारीना. बदलत्या भाडेकरूकडून मात्र तो हातावर 'पागडी' घेई, जिची पावती नसे. पावसाळ्यात चाळी खचू लागल्या, बाहेरून लाकडी टेकू लागले. तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा होऊन जुन्या इमारतींवर उपकर बसला. आरंभी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. काम मोठे व पैसा अपुरा. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मेली. भाडेकरूला जागेची शाश्वती मिळाली; जागेला मात्र शाश्वती मिळाली नाही.

बी.डी.डी. चाळी उठत होत्या त्याच दशकात युरोपात एका शहराने हा गुंता निराळ्या रीतीने सोडविला. ते शहर व्हिएन्ना. तेथील जुन्या भाड्याच्या इमारती आपल्या चाळींच्या बहिणीच म्हणाव्यात. पाण्याचा नळ बोळात, सर्वांत मिळून एक, आणि संडासही बोळातच. १९२३ साली नगरपालिकेने खास घरबांधणी कर बसविला. मोठ्या व ऐषआरामी घरांवर तो चढत्या दराने होता. याचे सूत्रधार अर्थखात्याचे प्रमुख हुगो ब्राइटनर, जन्माने यहुदी. १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे झाली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कार्ल मार्क्स होफ, वास्तुशिल्पकार कार्ल एन, बांधकाम १९२७ ते १९३०. लांबी एक किलोमीटरहून अधिक, घरे सुमारे १,४००. तरी भूखंडाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेवर बांधकाम, बाकी सारे अंगण. प्रत्येक घरात स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, प्रत्येक खोलीला खिडकी. लांब बोळ नाहीत. एका जिन्यावर मोजकी घरे, आणि जिन्याचे दार रस्त्याकडे नव्हे, अंगणाकडे. अंगणात धुलाईघर, बालवाडी, वाचनालय. म्हणजे माणसे एकमेकांस भेटत ती संडासाच्या रांगेत नव्हे.

आम्हांस याहूनही महत्त्वाची वाटते ती हिशेबाची रीत. बांधण्याचा खर्च करातून आल्यामुळे भाड्यात भांडवल वा व्याज फेडावयाचे नव्हते. भाडे घेतले जाई ते इमारत राखण्यापुरते. मुंबईत भाडे गोठवून दुरुस्ती उपाशी ठेवली. व्हिएन्नात भाडे म्हणजेच दुरुस्ती. आजही त्या नगरपालिकेपाशी सुमारे २,२०,००० भाड्याची घरे आहेत आणि जुनी घरे राहती आहेत.

मात्र व्हिएन्नाचे गुणगान करणाऱ्या पुस्तकांत एक पान घाईने उलटले जाते. १९३८ साली नाझी सत्ता आली, आणि नगरपालिकेच्या याच घरांतून यहुदी भाडेकरूंना नोटिसा देऊन बाहेर काढण्यात आले. भिंती त्याच, खिडक्या त्याच, अंगणही तेच. भाडेकरूची शाश्वती भिंतीत नसते, ती देणाऱ्याच्या हातात असते, हे आपल्या लोकांइतके महाग पडून कोणी शिकले नसेल.

आता येथे. राज्य स्थापन झाल्यावर पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सुमारे सात लाख ओलीम आले व लोकसंख्या दुप्पट झाली. आधी तंबू, पत्र्याच्या माबारोत, मग शिकून. १९४९ साली स्थापन झालेली 'अमिदार' सरकारी घरांची व्यवस्था पाहू लागली. आपल्या कुटुंबांनी बेर शेवा, दिमोना, येरुहाम, अश्दोद, लोद, रामला येथे ज्या चाव्या घेतल्या त्यांतील पुष्कळ अमिदारच्या. तीन-चार मजले, लिफ्ट नाही, घरात नळ व संडास, आणि गॅलरीच्या जागी जिना. प्रत्येक जिन्यास आपले दार, आपले अक्षर, आपली वाआद बायित, म्हणजे गृहसमिती. चाळीतून आलेल्या माणसाला हा जिना अरुंद वाटला तरी परका वाटला नाही. पायरीवर बसून तांदूळ निवडणाऱ्या आपल्या बायका पाहून पोलंडचे शेजारी चकित होत.

बेर शेवास तर १९६० च्या सुमारास गृहबांधणी खात्याने एक नमुन्याची वसाहतच उभारली. आव्राहाम यास्की व अम्नोन अलेक्झांद्रोनी यांनी तेथे अडीचशे मीटर लांबीची, खांबांवर उचललेली एकच इमारत बांधली; लोक तिला 'पाव किलोमीटर' म्हणतात. तिच्या शेजारी बुटक्या, अंगणाच्या घरांचे दाट विणलेले 'गालिचे' अंथरले, मधून सावलीच्या चिंचोळ्या वाटा. वाळवंटात दाटी ही शिक्षा नसून सावली होऊ शकते, हा त्यामागील विचार आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत या वसाहतीची चित्रे असतात. पुस्तकांत प्लास्टर मात्र पडत नाही.

खाजगी घरांत येथेही मुंबईचाच खेळ झाला. ब्रिटिश अमदानीतील १९४० चा भाडेकायदा, मग १९५४ चा भाडेकरू संरक्षण कायदा, आणि पागडीचे हिब्रू भावंड 'दमे मफ्तेअह', किल्लीचे पैसे. फरक इतकाच की येथे १९५८ साली ते कायद्याच्या चौकटीत आणले गेले. पावती मिळू लागली. सरकारी घरांचे वळण निराळे. १९९८ च्या कायद्याने भाडेकरूंना ती सवलतीत विकत घेण्याचा हक्क मान्य केला. अंमल वर्षानुवर्षे लांबला, तथापि निरनिराळ्या मोहिमांतून पुष्कळ घरे विकली गेली, आणि त्यांच्या जागी तितकी नवी सार्वजनिक घरे आली नाहीत. मालक झालेल्या कुटुंबांना आनंद झाला, तो स्वाभाविक. परंतु छप्पर, नळ व जिना यांची दुरुस्तीही त्याच दिवशी पेन्शनवर जगणाऱ्या त्या मालकाच्या खांद्यावर आली. सप्टेंबर २०२१ मध्ये होलोन येथे एक जुनी इमारत कोसळली. रहिवाशांनी तडे पाहून आदल्या दिवशीच घरे सोडली म्हणून प्राण वाचले. ते वृत्त वाचून आम्ही आमच्या जिन्यातील तडे मोजले. अकरा भरले.

म्हणून पिनुई-बिनुईस आमचा विरोध नाही. १९९२ पूर्वीच्या या घरांत ममाद नाही. सायरन वाजल्यावर ऐंशी वर्षांच्या माणसाने तीन जिने उतरावयाचे, ही गोष्ट कोणत्याही आठवणींच्या गोडीपेक्षा मोठी आहे. तिकडे वरळीसही बी.डी.डी. चाळी पाडून चाळीस मजली इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या बदली ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिकडच्या एका आप्ताने फोनवर आम्हांस सांगितले की घर सुरेख आहे, पण लिफ्टचा व देखभालीचा मासिक खर्च पुढे कोण भरणार याचीच चर्चा सर्वत्र आहे.

आमच्या सभेनंतर आम्ही व वाआदमधील दोघांनी मिळून वास्तुशिल्पकाराकडे लेखी प्रश्न पाठविले. लिफ्ट बंद पडल्यास दुसरी कोणती? देखभालीसाठी आरंभीच निधी ठेवणार काय, व किती वर्षे पुरेल? काम चालू असताना भाडेकरूंना कोठे ठेवणार, आणि परत आणण्याचे लेखी वचन कोण देणार? लिफ्टपुढील जागेला खिडकी व बसण्याची सोय करता येईल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम आले. त्याने नवा नकाशा पाठविला असून प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या बाजूस सहा चौरस मीटरांची उघडी जागा दाखविली आहे, कठड्यासह. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे अद्याप यावयाची आहेत.

दुसरी सभा सुक्कोथनंतर आहे. मावशी अद्याप अमिदारच्या भाडेकरू असल्यामुळे त्यांची सही कोणी मागणार नाही. ती अमिदार करील. तथापि त्या येणार आहेत, आणि जिन्यातून त्यांची खुर्ची कोणी खाली आणावयाची हेही त्यांनी सांगून ठेवले आहे.